सरवा

रविवारी आमची मंडळी भरते
कोपरखैरण्यातल्या शाळेच्या हॉलमध्ये.
फळ्यावर शनिवारचा लसावि तसाच,
त्याच्यापुढे टेबल, पांढरी चादर,
आणि कोपऱ्यातल्या बाकावर मी,
एकोणीस वर्षांचा खजिनदार.

सिडकोत कारकुनी केली. आकडा मला ऐकू येतो.
थैलीत पडलेलं नाणं दोनाचं की पाचाचं,
प्रार्थनेत डोळे मिटलेले असतानाही कळतं.
माझा दशांश पैशापर्यंत चोख:
फंड वजा करून काढायचा की न करता,
या प्रश्नात मी एक अख्खा लेंतकाळ घालवलाय.
पाकिटावर नाव, महिना, रक्कम.
मार्चअखेर देवाचं माझ्याकडे काही निघत नाही,
माझं देवाकडे काही निघत नाही.

नोव्हेंबरात हंगामाचा सण.
आता आमच्याकडे कसला हंगाम,
ग्रिलमध्ये कढीपत्त्याची एक कुंडी.
पण गावाकडची रीत मोडवत नाही,
म्हणून लोक तुर्भ्याहून भोपळे आणतात, ऊस आणतात,
कुणी तेलाचा डबा, किमतीच्या चिकटपट्टीसकट.
शीलवंत मास्तर डस्टर आपटत लिलाव पुकारतात,
एकवार, दोनवार,
आणि मी लिहितो.

त्या वर्षी ताबीथाबाई आढाव आल्या
बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन.
दाणाबाजारात झाडतात त्या. गोणी उतरताना
जे सांडतं ते झाडून, पाखडून
गाळ्यांच्या मागे विकतात,
कबुतरांच्या आधी पोचलं तर.
आमच्या आजीच्या गावी याला सरवा म्हणत,
कापणीनंतर रानात उरलेलं, गरिबानं वेचायचं.
इथे रान नाही. काँक्रीटवरचा सरवा.
डब्यात कोलम, आंबेमोहोर, उकडा, बासमतीचे तुकडे,
सगळ्या गाळ्यांची खिचडी.

तीस रुपये, मास्तर म्हणाले.
कुणी बोललं नाही.
तीस. कुणीतरी खोकलं.
असला तांदूळ एकसारखा शिजत नाही, बायकांना ठाऊक.
ताबीथाबाई दुसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर,
भोपळ्यांकडे कौतुकानं बघत होत्या,
डब्याशी त्यांचा आता संबंधच नसल्यासारख्या.

मी हात वर केला. एकावन्न.
दया आली म्हणून नाही,
रकाना रिकामा राहिला असता म्हणून.

घरी प्रिसिल्लानं शिजवला.
अर्धा गुरगुट्या, अर्धा कच्चा.
पहिला घास मी जपून घेतला,
झाडलेला तांदूळ, दाढ नुकतीच बसवलेली.
दुसराही जपून.
तिसऱ्याला मी जेवत नव्हतो, शोधत होतो.
एक खडा. एकच.
उरलेला तांदूळ वर्तमानपत्रावर पसरून
ट्यूबलाइटखाली अकरापर्यंत बसलो,
ऑडिटला बसतात तसा.
नाही.

बाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
आणि त्यांच्या विकायच्या तांदळात खडे निघतात,
गिऱ्हाइकं भांडतात, मी स्वतः ऐकलंय.

पुढच्या रविवारी विचारलं,
बाई, इतका कसा हो निवडलात?
त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.
‘मग? देवाच्या दाताखाली आला असता की.’
आणि थैली पुढे सरकवली.

त्या महिन्यात मी पाकिटावर नाव घातलं नाही.
वरच्या खिशात होतं ते न बघता आत सारलं,
हात थोडा कापला, खोटं कशाला सांगू.
उपासनेनंतर ते मलाच उघडावं लागलं,
दुसरं कोण उघडणार.
वहीत लिहिलं: निनावी.
अक्षर माझंच, वळणदार, सगळ्या मंडळीला ओळखू येईल असं.
नोटांच्या मध्ये साखरेच्या गोळ्यांची पावती निघाली.
ती मी वेगळी काढली नाही.